जंगलाचा प्रश्न हा कामगारवर्गाचाही प्रश्न आहे

भिलाईत राहणाऱ्या माणसाला जंगल दिसत नाही. त्याला दिसतात ती कारखान्याची धुराडी, सेक्टरांचे सरळ रस्ते आणि दल्ली-राजहऱ्याहून लाल खनिज घेऊन येणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी. तरीही या पोलादनगरीचा एकही दिवस जंगलावाचून जात नाही. खनिज ज्या टेकड्यांतून येते त्या एके काळी जंगलाने झाकलेल्या होत्या. भट्ट्यांना आणि वसाहतीच्या नळांना पाणी पुरवणारे तांदुळा व गंगरेल हे जलाशय भरतात, तेही दक्षिणेकडील डोंगराळ, वनाच्छादित पाणलोटातून. पोलादाची आणि जंगलाची ही गाठ सभासदांच्या ध्यानात आणून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेख.

कंत्राटी पद्धत, कामगार-कपात आणि खासगीकरण हे प्रश्न ऐरणीवर असताना पक्षाच्या मुखपत्राने झाडाझुडपांवर जागा का खर्च करावी, असे काही साथी प्रामाणिकपणे विचारतात. त्यांच्या मते पर्यावरण हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा छंद आहे. या मताची तपासणी झाली पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ॲमेझॉन आणि काँगो या नद्यांची खोरी, इंडोनेशिया-मलेशियाची बेटे आणि आपल्याकडे पश्चिम घाट, ईशान्य भारत व अंदमान-निकोबार येथे उष्णकटिबंधीय वर्षावने आहेत. पृथ्वीच्या भूभागाचा अल्पसा हिस्सा त्यांनी व्यापला आहे; पण जगातील निम्म्याहून अधिक जीवजाती तेथे असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. या वनांखालची माती मात्र बहुधा निकस असते. तेथील पोषणद्रव्ये मातीत थोडी आणि झाडांत, वेलींत, कुजणाऱ्या पाल्यात अधिक असतात. जंगल उभे आहे तोवर हे चक्र चालते; ते तोडले की दोन-चार पिकांत जमीन थकते आणि पाऊस तिला धुऊन नेतो. पाऊससुद्धा काही प्रमाणात जंगलच घडवते. मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे वाफ होऊन वर जाते आणि वाऱ्याबरोबर पुढे सरकून पुन्हा बरसते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पावसाचा मोठा भाग असा पुनःपुन्हा वापरलेल्या पाण्याचा असतो, हे ब्राझीलमधील संशोधकांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिले. म्हणजे एका ठिकाणचे जंगल तुटले तर शेकडो मैल दूरच्या शेतकऱ्याचे पीक बुडू शकते.

आपल्या विचारपरंपरेला हे नवे नाही. क्युबातील स्पॅनिश मळेवाल्यांनी डोंगरउतारावरची वने जाळली, राखेच्या खतावर कॉफीचे एक पीढीभर पुरेल एवढे उत्पन्न काढले आणि नंतरच्या मुसळधार पावसाने उघडा खडक शिल्लक ठेवला, हे उदाहरण एंगल्सने 1876 मध्येच दिले होते. मार्क्सने 1842 मध्ये ऱ्हाईन प्रांतातील सरपणचोरीच्या कायद्यावर लिहिले. जंगलातील वाळकी लाकडे वेचणारा गरीब चोर कसा ठरतो, या प्रश्नाने आपल्याला अर्थशास्त्राच्या अभ्यासाकडे वळवले, असे त्याने स्वतःच 1859 मध्ये नमूद केले आहे. हे लक्षात घेतले तर जंगलाचा प्रश्न आपल्या चळवळीच्या दारात बाहेरून आलेला पाहुणा उरत नाही.

आता विचारावयाचे ते असे की, जंगल तोडतो कोण? सरकारी अहवालांतून वर्षानुवर्षे एकच आरोपी उभा केला गेला : फिरती शेती करणारा आदिवासी आणि मोळी विकणारी बाई. परंतु ॲमेझॉनमधील तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा हिस्सा गुरांच्या कुरणांखाली गेला आहे. सोयाबीनचे बडे मळेवाले त्यामागोमाग आले. आग्नेय आशियात वर्षावनांच्या जागी पामचे मळे उभे राहिले आणि त्या तेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आपलाच देश आहे. भिलाईच्या कामगाराच्या कढईत तळले जाणारे भजेदेखील असे दूरच्या जंगलाशी जोडलेले आहे. दोष कामगाराचा नव्हे, त्याला स्वस्त तेलाखेरीज पर्याय न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ब्राझीलच्या आक्रे प्रांतात चिको मेंडिस हा रबराचा चीक गोळा करणारा कामगार होता. रबर-कामगारांची संघटना बांधून, झाडे तोडणाऱ्यांच्या समोर बायकामुलांसह उभे राहण्याची लढाई त्याने चालवली. 22 डिसेंबर 1988 रोजी कुरणमालकांनी त्याचा खून करवला. तीनच वर्षांनी, 28 सप्टेंबर 1991 रोजी, आपल्या याच भिलाईत कॉ. शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या संघटनेचा मार्ग आणि आपला मार्ग नेहमीच एक होता असे नाही. परंतु दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांना मजुरीबरोबरच दवाखाना, दारूबंदी आणि जंगल यांचाही विचार करावयास त्यांनी शिकवले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

छत्तीसगडचे सालवन शास्त्रीय अर्थाने वर्षावन नव्हे. ते पानगळीचे उष्णकटिबंधीय जंगल आहे. पण त्याच्यावरील घाला त्याच जातीचा आहे, आणि त्याचा इतिहास जुना आहे. बस्तर संस्थानातील बहुतांश जंगल राखीव करण्याचा घाट इंग्रजी अमलात घातला गेला, तेव्हा 1910 मध्ये गुंडाधूरच्या नेतृत्वाखाली ‘भूमकाल’ उठाव झाला. स्वातंत्र्यानंतर, 1970 च्या दशकात, जागतिक बँकेच्या साह्याने बस्तरचे सालवन तोडून तेथे कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावण्याची योजना आली. सालाचे बी, मोह, तेंदू, चारोळी यांवर ज्यांची वर्षातील कित्येक महिन्यांची गुजराण चालते त्यांना पाइन काय देणार? आदिवासींच्या विरोधापुढे ती योजना गुंडाळावी लागली.

आज तोच प्रश्न उत्तर छत्तीसगडमध्ये हसदेव अरण्याच्या रूपाने उभा आहे. सुमारे 1,70,000 हेक्टरांचे हे सलग जंगल हसदेव-बांगो धरणाचे पाणलोट आहे, हत्तींचा वावर असलेले आहे आणि त्याच्या पोटात कोळसा आहे. केंद्राच्या मंत्रालयांनीच 2010 मध्ये त्याला खाणींसाठी निषिद्ध क्षेत्र मानले होते. तरीही 2012 पर्यंत तेथील परसा पूर्व-केते बासन या खाणीला अंतिम मंजुरी मिळाली. खाणपट्टा राजस्थानच्या सरकारी वीजकंपनीचा आणि ती चालविण्याचे काम अदानी समूहाचे, अशी ही वाटणी आहे. घाटबर्रा गावाला 2013 मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क 2016 मध्ये प्रशासनाने रद्द केला. ऑक्टोबर 2021 मध्ये तेथील गावकरी सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला आले. 26 जुलै 2022 रोजी राज्य विधानसभेने हसदेवमधील सर्व कोळसापट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. आणि डिसेंबर 2023 मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात पुन्हा कुऱ्हाड चालली. एकमताचा ठराव झाला, झाडे मात्र पडली. विधानसभेहून वरचढ सत्ता कोणाची, हे यावरून कळून येते.

भाषांतराचे काम करणाऱ्याला सरकारी शब्दांची विशेष चीड येते, कारण ते शब्द मराठीत आणताना त्यांचे पोट उघडे पडते. जंगल खाणीला दिले जाते त्याला कायद्याच्या भाषेत जमीन ‘वळती करणे’ म्हणतात, जणू ती उद्या परत वळणार आहे! त्याच्या जोडीला ‘प्रतिपूरक वनीकरण’ आहे. ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नगर यांसाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर वर्षावन वळते करण्यास 2022 मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि त्याची भरपाई म्हणून झाडे लावावयाची ती हरियाणात! शोंपेन जमातीच्या माणसाने आपले अरण्य अरवलीच्या पायथ्याशी शोधावे काय? त्याच वर्षीच्या नव्या वनसंरक्षण नियमांनी ग्रामसभेच्या संमतीची पूर्वअट केंद्राच्या मंजुरीआधीच्या टप्प्यातून काढून राज्य सरकारांवर सोपवली. 2006 च्या वनाधिकार कायद्यासाठी डाव्या पक्षांनी संसदेत आणि संसदेबाहेर झुंज दिली होती. त्या कायद्याचा कणाच असा मोडला जात आहे.

परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. भिलाई कारखाना 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून जन्मला. तो खासगी मक्तेदारांचा नव्हे, राष्ट्राचा आहे, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. दल्ली-राजहऱ्याचे खनिज आटत चालल्याने आता त्याच कारखान्यासाठी अंतागड-नारायणपूरकडील रावघाटचा डोंगर खोदला जात आहे. त्या डोंगरावर स्थानिक आदिवासींचा देव राजाराव वसतो. खाण सार्वजनिक क्षेत्राची असली म्हणून तेथे झाड कमी तुटते काय, की ओढा कमी गढूळ होतो? राष्ट्रीय मालकीचा बचाव करणे आणि राष्ट्रीय मालकीच्या उद्योगाला जाब विचारणे ही दोन्ही कामे आपलीच आहेत. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या वेळी डाव्या चळवळीतच तीव्र मतभेद झाले होते. धरण हवे म्हणणारेही आपले होते आणि शास्त्र साहित्य परिषदेत काम करून वर्षावन वाचवा म्हणणारेही आपलेच. अखेर 1984 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. आज कोणताही विचारी साथी त्या निर्णयाबद्दल खेद करणार नाही.

याचा अर्थ पोलाद नको असा नव्हे. पोलादावाचून रूळ, पूल, नांगर नाहीत, आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. प्रश्न आहे तो किती, कोठून, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या फायद्यासाठी हा. भंगाराचा पुनर्वापर वाढवणे, हलक्या प्रतीचे खनिज फेकून न देता वापरात आणणे, निर्यातीसाठी डोंगर पोखरणे थांबवणे, या मागण्या कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात का नसाव्यात? रावघाटच्या ग्रामसभेचे म्हणणे भिलाईच्या कारखान्याच्या फाटकावरील सभेत का मांडले जाऊ नये? कारखान्यातील कायम कामगार, खाणीतील कंत्राटी मजूर आणि तेंदू वेचणारी आदिवासी स्त्री यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हीच मालकवर्गाची जुनी चाल आहे. ती चाल मोडावयाची असेल तर या तिघांच्या मागण्या एका पत्रकावर याव्या लागतील.

आपल्या शाखांनी निदान एवढे तरी करावे : आपल्या जिल्ह्यात कोणती वनजमीन कोणासाठी वळती होत आहे याची माहिती काढावी, आणि तेथील ग्रामसभेपर्यंत जाऊन यावे. जंगल तुटले की पहिल्यांदा आदिवासीची चूल विझते. तांदुळ्याचे पाणी आटले तर भिलाईची भट्टीही पेटणार नाही.