केमोचे तास आणि त्यानंतरचे प्रश्न

आज ४ फेब्रुवारी, जागतिक कर्करोग दिन. तंबाखूविरोधी फेऱ्या निघतील, तपासणी शिबिरांचे फलक झळकतील. ते व्हायलाच हवे. पण ज्यांचे निदान होऊन गेले आणि जे या क्षणी वॉर्डात हाताला सुई टोचून पडले आहेत, त्यांचा दिवस कसा जातो, हे आजच्या दिवशीही फारसे कोणी विचारत नाही. तो जातच नाही. थेंब थेंब उतरणाऱ्या बाटलीकडे बघत पडून राहायचे; रक्तपेशींचे काउंट घसरले की आयसोलेशनची खोली. तिथे भेटायला येणारा मास्कआड आणि फुलांनाही मज्जाव.

या तासांवर आता व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे व्हीआरचा उतारा सुचवला जातो. डोळ्यांवर हेडसेट चढवला की भिंती दिसेनाशा होतात, मान वळवावी तिकडे समुद्र किंवा जंगल. हे नुसते खेळणे नव्हे. नव्वदच्या दशकात सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ उभे केले. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण बर्फाळ दरीतून गोळे फेकत जातो. वेदना जाणवायलाही लक्ष लागते. ते बर्फात गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही. सुसान श्नायडर या परिचारिका-संशोधक. केमो घेणाऱ्या १२३ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला एका केमोच्या वेळी व्हीआर दिले, दुसऱ्या वेळी नाही. व्हीआर असताना वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी गेल्यासारखा वाटला आणि ८२ टक्के रुग्ण पुन्हा वापरायला तयार होते. मात्र लक्षणांच्या त्रासात फरक दिसला नाही, केमो संपताच नाही आणि दोन दिवसांनीही नाही. पुढे चिंता उतरल्याचे सांगणारे अभ्यासही आले, पण त्यांतले बरेच लहान आहेत.

वेळ सरणे ही किरकोळ गोष्ट आहे, असे ज्याला वाटते त्याने केमोच्या खुर्चीत एक दुपार काढून बघावी. तेवढ्यासाठीही हेडसेट घ्यावा, या मताचे आम्ही आहोत. फक्त मळमळत असलेल्या रुग्णाला जबरदस्ती नको. दोन रुग्णांच्या मध्ये उपकरण नीट निर्जंतुक व्हायला हवे, कारण इथे प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. आणि दृश्ये कोणाची? ३६० अंशांत टिपणारे कॅमेरे आता सहज मिळतात. चंद्रभागेचे वाळवंट किंवा कोकणातला पऱ्या चित्रित करून त्यावर मराठी आवाज चढवणे अवघड नाही. इंग्रजीतल्या ‘शांत श्वास घ्या’ने सोलापूरच्या आजींना काय उमगणार?

पण हेडसेट उतरतो, तेव्हा मन जिथे होते तिथेच असते. डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कर्करुग्णांच्या मनाकडे बघणारा विभाग सुरू केला. पुढे या शाखेत शून्य ते दहा असा मानसिक त्रासाचा ‘थर्मामीटर’ रूढ झाला. सोबतच्या यादीत भीती आणि उदासी तर असतेच, शिवाय पैसे, प्रवास, मुलांचा सांभाळ हेही असते. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करणाऱ्या कुटुंबांना ही यादी वाचून दाखवायची गरज नाही. पुढच्या केमोचे पैसे कुठून आणायचे, धाकटीला शाळेत कोण सोडणार, या प्रश्नांवर समुद्राचे दृश्य निरुत्तर असते. तिथे माणूसच लागतो: समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक किंवा दोन मिनिटे थांबणाऱ्या सिस्टर.

धोका आहे तो इथे. उपकरण एकदा विकत घेता येते, त्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र छापून येते. समुपदेशकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याची फीत कोणी कापत नाही. म्हणून आजच्या दिवशी रुग्णालयांना हेडसेट भेट देऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांना आणि मंडळांना एक विनंती: त्याच धनादेशात समुपदेशकाच्या किमान वर्षभराच्या पगाराची रक्कम धरा. रुग्णालयांनीही ही भेट स्वीकारताना हेडसेट काढल्यावर रुग्णाजवळ कोण बसणार, हे ड्युटीच्या तक्त्यात लिहून ठेवावे.