पाना, इंजिन आणि विद्यापीठ

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मेकॅनिकला आपल्या समाजात कोणी ‘शिकलेला’ म्हणत नाही. हात काळे झाले की विद्या संपली, असाच समज आहे. पण एके काळी विद्यापीठांनाच हे शिक्षण द्यावे लागले होते.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. फ्रान्समध्ये दारूगोळा नेण्यासाठी आणि जखमींना मागे आणण्यासाठी हजारो मोटारगाड्या लागणार होत्या. कारखाने गाड्या बनवतील. पण चिखलात बंद पडलेली गाडी चालू कोण करणार? म्हणून फेब्रुवारी १९१८ मध्ये तेथील युद्धखात्याने खास शिक्षण समिती नेमली आणि विद्यापीठे, कॉलेजे व तंत्रशाळांशी करार केले. जवानांचे राहणे, जेवण आणि शिक्षण संस्थेने पाहायचे. खर्च सरकारने द्यायचा. मुदत साधारण दोन महिन्यांची. जेमतेम शालेय शिक्षण झालेली माणसेही विद्यापीठाच्या आवारात आली. इंजिन खोलायचे, व्हॉल्व्ह घासायचे, कार्बोरेटर साफ करायचा, पुन्हा जोडून गाडी चालू करून दाखवायची, हाच अभ्यास आणि हीच परीक्षा. नोव्हेंबरपर्यंत निरनिराळ्या कामांत लाखाहून अधिक जवान असे तयार झाले.

काळ्या सैनिकांचे काय? लष्करात त्यांच्या पलटणी वेगळ्या. बहुतेकांच्या वाट्याला हमालीची आणि रस्त्यांची कामे आली. एमेट स्कॉट हे काळे गृहस्थ १९१७ पासून युद्धमंत्र्यांचे खास साहाय्यक होते. टस्कीगी, हॅम्प्टन, हॉवर्ड या काळ्या समाजाच्या शिक्षणसंस्थांतही जवानांसाठी तांत्रिक वर्ग निघाले. विद्या मिळाली, पंगत मात्र वेगळीच राहिली.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले आणि लवकरच ही योजनाही गुंडाळली गेली. यातून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. देशाला गरज पडली तेव्हा कमी शाळा शिकलेला माणूसही शिकवण्यालायक ठरला. माणसे तीच होती. उघडले ते दार. मग शांततेच्या काळात ते दार बंद का असावे?

तुमचा मुलगा किंवा मुलगी आयटीआयमध्ये जात असेल तर आज संध्याकाळी एवढेच विचारा : इंजिन स्वतःच्या हाताने खोलायला मिळते, की वहीत नुसती आकृतीच काढावी लागते? उत्तर दुसरे असेल, तर चार पालकांनी मिळून प्राचार्यांना भेटले पाहिजे.