चिमणीसाठी शिंकं आणि पेटी

जुन्या बाजारात निघाले की आमचे 'हे' आधीच बजावतात, "आणखी अडगळ नको हं!" तरी परवा एक सुंभाचं शिंकं, मातीचं पसरट परळ आणि एक छोटी लाकडी पेटी घेऊनच आले.

शिंक्यात परळ ठेवून गॅलरीत सावलीला टांगलं. पाणी दोन इंचांहून खोल नको. मध्ये खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे चिमणीला पाय टेकता येतात. परळ रोज नुसत्या काथ्यानं घासून पाणी बदलावं, नाहीतर डासच पाळाल!

पेटीला सव्वा इंचाचं गोल भोक पाडून घ्या. मोठं झालं तर साळुंकी घुसते. भोकाखाली दांडी नको. चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र आयती बैठक मिळते. आतून रंग-वार्निश लावू नका. पेटी सात-आठ फुटांवर, मांजराला उडी घेता येणार नाही अशी टांगा.

खरं सांगू? पूर्वी मी हौसेनं तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं घरटं केलं होतं. वर फुलंही रंगवली. मे महिन्यात डबा तापला आणि आतली पिल्लं गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शोभा आपली, जीव त्यांचा." तेव्हापासून पत्रा वर्ज्य.

२०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. पेटी मात्र त्याआधीच, थंडी सरता सरता टांगा. चिमणी लगेच आली नाही, तर रागावू नका. घर पारखून घेण्याचा हक्क तिलाही आहेच की!