आठवड्याचा हिशेब जमला तरच शर्यत जमेल



गेल्या हिवाळ्यात ढोकीतल्या आपल्या वस्तीतली एक मुलगी लंगडत माझ्याकडे आली. वय एकोणीस. दिवसा सोयाबीनच्या काढणीला, पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला. त्यातच तिने दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलेलं. शर्यतीला तीन आठवडे उरले तेव्हा ती जागी झाली आणि रोज आठ किलोमीटर धावायला लागली. नडगीच्या हाडावर एका जागी बोट ठेवलं तरी ओरडायची. रक्त तपासून आणायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं ८.६. तिची आई मला म्हणाली, "ताई, पोरगी मेहनतीत कुठं कमी पडली नाही." मी म्हटलं, "बाई, मेहनत कमी पडलीच नाही, ती जास्त झाली. खाणं आणि झोप कमी पडली."

मॅरेथॉन म्हणजे खरं तर ४२.१९५ किलोमीटर. आपल्याकडे पाच किलोमीटरच्या धावण्यालाही मॅरेथॉनच म्हणतात. म्हणू द्या. पण पाच असो की बेचाळीस, नियम एकच आहे. शरीर शर्यतीच्या दिवशी घडत नाही. ते आठवड्याआठवड्याने घडतं. दम लवकर वाढतो, महिन्याभरात फरक दिसतो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा मात्र सावकाश बळकट होतात. "आता दम लागत नाही" म्हणून पोरं एकदम अंतर वाढवतात, आणि तिथेच पाय मोडतात.

आपल्या धम्मात सोण भिक्खूची गोष्ट आहे. श्रीमंताघरचा, तळपायाला कधी माती न लागलेला. भिक्खू झाल्यावर त्याने इतकं चंक्रमण केलं की पायांतून रक्त आलं. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. सरावाचं शास्त्र म्हणजे हेच. तार किती ताणायची याचा हिशेब दर आठवड्याला करायचा.

बारा आठवड्यांची मांडणी

जिला अर्धा तास भरभर चालता येतं, तिच्यासाठी दहा किलोमीटरच्या शर्यतीची मांडणी देते. आठवड्यातून चार दिवस सराव. त्यातला एक दिवस लांब धावेचा, बाकीचे तीन छोटे. पहिल्या आठवड्यात चारही दिवस मिळून १२ किलोमीटर, तेही थोडं धावत, थोडं चालत. दुसऱ्यात १३, तिसऱ्यात १४. चौथ्या आठवड्यात मुद्दाम ११ वर यायचं. पुढे १५, १६, १८ आणि आठव्यात पुन्हा १३. नवव्यात १९, दहाव्यात २१. अकराव्या आठवड्यात १५ वर उतरायचं. बाराव्यात शर्यतीआधी दोनदा तीन-तीन किलोमीटर हलकं धावायचं आणि मग शर्यत. लांब धाव पहिल्या आठवड्यात ४ किलोमीटरची, दहाव्यात ८ ची. सरावात पूर्ण दहा धावलेच पाहिजेत असं नाही.

मध्ये-मध्ये कमी केलेले आठवडे बघून पोरं म्हणतात, "हा तर वेळ वाया." नाही. त्या आठवड्यात शरीर डागडुजी करतं. झीज भरून निघाली की पुढचा भार पेलतो. ४२ किलोमीटरसाठी हीच पद्धत, फक्त मुदत लांब. आधी वर्षभर नियमित धावणं हवं, त्यानंतर चार-पाच महिन्यांची खास तयारी, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं.

वेग किती ठेवायचा? धावताना सोबतिणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. जोरात धावणं आठवड्यातून एकच दिवस, तेही पहिला महिना सरल्यावर. अंतर मोजायला महागडं घड्याळ नको. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून रस्ता एकदा मोजून घ्या आणि दगडाला चुना लावा.

मजुरीचा दिवस मोजा

आता माझं खरं म्हणणं सांगते. सरावाची वेळापत्रकं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसून काम करणारा माणूस असतो. आपली पोरगी खुर्चीत बसत नाही. ती ऊस बांधते, खुरपते, पाणी आणते, घरी येऊन भाकरी थापते. तिच्या शरीराला दिवसभराचं वाकणं आणि वाहणं हा व्यायाम नाही असं वाटत नाही. म्हणून वहीत किलोमीटरबरोबर मजुरीचे दिवसही लिहा. तीन दिवस कष्टाचं काम असलं, तर त्या आठवड्यात दोनच धावा. काढणीच्या आठवड्यात अंतर वाढवायचंच नाही. वेळापत्रक पाळलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ते वेळापत्रक तुमच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

आणि घरातल्या पुरुषांना विचारते, सरावाच्या दिवशी हंडा तुम्ही भरला तर काय बिघडेल? भाऊ धावून आला की झोपतो, बहीण धावून आली की चुलीपुढे बसते. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे. ती भावाला मिळते आणि बहिणीला नाही, तर दोघांची शर्यत सारखी कशी?

आधी रक्त तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, रक्तक्षय असलेल्या निघाल्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असावं. कमी असेल तर श्वासातला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, मग कितीही सराव करा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आशाताईंना विचारा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

खायला महागड्या पावडरी लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, डाळ, हुलगे, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, जमेल तेव्हा अंडी. पण पोटभर. सराव वाढला आणि पाळी थांबली, तर लाजून गप्प बसू नका आणि "बरं झालं" असंही म्हणू नका. खाणं कमी पडतंय असा तो इशारा असू शकतो. दवाखान्यात दाखवा.

धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुढे धावू नका. सिकलसेल असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्या. विदर्भात आपल्या समाजात तो आढळतो आणि सोयरिकी इकडेही होतात. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावताना आणि त्यानंतर दहाहून जास्त उमेदवार दगावले. नोकरीसाठी धावताना जीव जावा, ही मेहनतीची कमाल नव्हे. ती व्यवस्थेची लाज आहे.

शूज एकटीला नको, सगळ्यांना

बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या एमआरआयच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण नर्स म्हणून माझ्या मनात प्रश्न राहिला, तपासणीसाठी बाईला धावावं लागतं हे कौतुकाचं की संतापाचं? अनवाणी जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगून आपल्या लेकरांना अनवाणीच ठेवू नका.

माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळत वाढली. २०१४ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तिसऱ्यांदा पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्याच जिल्ह्याची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दुष्काळी मातीत ताकद आहे. कमी पडतो तो आधार.

म्हणून वस्तीतल्या जयंती मंडळांना माझं सांगणं आहे. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात वस्तीतल्या धावणाऱ्या सगळ्या मुला-मुलींना शूज येतील. वर्गणीतला थोडा वाटा त्यासाठी बाजूला काढा. पहाटे मुलींसोबत दोन वडीलधाऱ्या बायका चालायला निघू द्या. गळिताच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर धावतात, तेव्हा अंधारात मोठ्या रस्त्यावर कुणी धावू नये. शाळेचं मैदान पहाटे उघडं ठेवा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज द्या. आणि १४ एप्रिलला शर्यत ठेवणार असाल तर ऊन चढायच्या आत ती संपली पाहिजे. जागोजागी पाणी आणि ओआरएस ठेवा, आणि १०८ ला आधी कळवून ठेवा.

सोण भिक्खूची गोष्ट वीणेपाशी संपत नाही. त्याचे पाय बघून तथागतांनी त्याला पादत्राण घालायची परवानगी दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नको, संघातल्या सगळ्यांना मिळत असेल तरच घेईन. मग ती सगळ्या भिक्खूंना मिळाली.

ती मुलगी आता बरी आहे. दोन महिने धावणं बंद होतं. गोळ्या घेतल्या, खाणं वाढवलं, हिमोग्लोबिन ११ च्या वर आलं. या रविवारी तिने वहीत पहिल्या आठवड्याचे १२ किलोमीटर लिहिले. खाली मजुरीचे दिवस लिहिलेत, दोन. आणि त्याखाली तिच्या भावाच्या अक्षरात, "पाणी मी भरलं."

जयभीम.