चौकात बसायचं कुणी?

परदेशच्या सहलीचे फोटो कसे असतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. मागे एखादा पूल नाहीतर चर्च, पुढे रांगेत उभ्या हसऱ्या मैत्रिणी! आमच्या सानपाड्याच्या आठ-दहा जणी प्रागला गेलो, तेव्हा आम्हीही असे ढीगभर फोटो काढले. प्राग म्हणजे झेक देशाची राजधानी. तिथल्या जुन्या चौकातलं घड्याळ १४१० सालचं. तास झाला की वरच्या खिडक्या उघडतात आणि येशूचे बारा शिष्य एकेक करून दर्शन देऊन जातात. जवळच चार्ल्स पूल, १३५७ साली बांधायला घेतलेला. सगळं बघण्यासारखंच!

पण मला जास्त बघावंसं वाटलं ते चौकात नुसत्या बसलेल्या बायकांकडे. कुणी आजी उन्हात पाय पसरून बसलेली, कुणी एकटीच पुस्तक वाचतेय. "इथं काय करताय?" असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. याच चौकात १६२१ साली बंडातल्या २७ पुढाऱ्यांना देहदंड दिला, त्यांची खूण म्हणून आजही फरशीत २७ क्रॉस आहेत. शहरातल्याच दुसऱ्या मोठ्या चौकात १९८९ साली लाखो माणसं जमली आणि कम्युनिस्ट राजवट गेली. तिथे चौक म्हणजे सगळ्या गावाची बैठक.

आणि आपल्याकडे? पार पुरुषांचा, चहाची टपरी पुरुषांची. वडाच्या पारावर आपण जायचं ते वटपौर्णिमेला, दोरा गुंडाळून लगेच घरी! सानपाड्यासारख्या सिडकोने आखून वसवलेल्या ठिकाणीही बाई स्टेशनातून बाहेर पडते ती भाजी घेऊन थेट घराकडे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईबद्दल हेच सांगितलं. बाईला बाहेर असायला काहीतरी कारण लागतं.

"कामं टाकून चौकात बसायचं का?" असं कुणी म्हणेल. तर पुरुषांना कामं नसतात का हो? "जमाना वाईट आहे," हेही ऐकू येईल. पण जिथे चार बायका बसतात, तिथे पाचवीची भीती आपोआप कमी होते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तेव्हा आपल्या नगरसेविकेला गाठा. चौकात दोन बाकं, एक चांगला दिवा आणि स्वच्छ संडास मागा. आणि बाकं आली की मैत्रिणींनो, तिथे जाऊन बसा. कारण नसताना!