वकीलपत्र

वर्गात कुणाचे पेन हरवले की सगळी पोरे एकाच बाकाकडे पाहतात. पालावरून येणाऱ्या मुलाचा तो बाक. मीही पाहिले आहे. मास्तर म्हणवून घेणाऱ्याला हे लिहिताना लाज वाटते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, पण आमच्या डोळ्यांतून तो गेला नाही.

शेजारच्या जालना जिल्ह्यातले भटक्या जमातीचे सहा जण 2003 सालच्या दरोडा आणि खुनांच्या खटल्यात अडकले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. शिक्षकांच्या खोलीत मी फणकाऱ्याने म्हणालो, "असल्यांची बाजू मांडायला वकील तरी कसा उभा राहतो?" उभा राहिला, म्हणूनच 2019 साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! डोळ्यांदेखत सारे पाहिलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. आयुष्यातली सोळा वर्षे गेली. भरपाई माणशी पाच लाख. आणि ज्या घरातली पाच माणसे गेली, त्यांना तरी न्याय कुठे मिळाला?

तरीही वकिलांचे संघ मधूनमधून ठराव करतात, अमक्याचे वकीलपत्र कुणी घेऊ नये! असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच बजावले आहे. पण त्या ठरावांना टाळ्या कोण वाजवतो? तुम्ही-आम्हीच ना?

असो. सुट्टीनंतर शाळा उघडेल, कुणाचे तरी पेन हरवेलच. त्या पोराचे दप्तर उघडण्याआधी माझे खिसे तपासा, असे मी सांगणार आहे.