गाव सुटलं, यादीत नाव राहिलं का? २००२ च्या मतदार यादीत आजोबा शोधण्याची वेळ

धाराशिव : पुण्याला, भिवंडीला, सोलापूरला गेलेल्या पोरांचे फोन आता गावाकडं एका वेगळ्याच कामासाठी येऊ लागलेत. "आपल्या आजोबाचं कागदावरचं नाव काय होतं?" घरात सगळे ज्याला बापू म्हणायचे तो बापू कागदावर ज्ञानोबा होता का ज्ञानदेव, हे सांगणारं माणूस आता गावात एखाददुसरंच उरलेलं असतं. हा प्रश्न अचानक महत्त्वाचा झाला तो मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणामुळे, म्हणजे ज्याला सगळे 'एसआयआर' म्हणतात त्यामुळे.

बिहारमध्ये २४ जून २०२५ ला याची घोषणा झाली. तिथं २००३ ची यादी पाया धरली. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा सुमारे ६५ लाख नावं गळालेली होती. त्यानंतर २७ ऑक्टोबर २०२५ ला दुसऱ्या टप्प्यात १२ राज्यं व केंद्रशासित प्रदेश घेतले. त्यात शेजारचा गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड होते. महाराष्ट्र या दोन्ही टप्प्यांत नव्हता, कारण इथं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका होत्या. पण आपल्याकडची शेवटची सखोल यादी २००२ ची आहे, आणि आजच्या मतदाराची जुळवणी तिच्याशीच होणार, हे आता गावोगाव माहीत झालंय.

पद्धत सोपी आहे. तुमचं स्वतःचं नाव त्या जुन्या यादीत असेल तर तो उतारा पुरे. नसेल तर आई-वडील, आजा-आजी यांचं नाव दाखवायचं. तेही सापडलं नाही तर मग कागदं काढा. म्हणजे गाव सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी मतदाराची मुळी अजून त्या गावच्या यादीतच रुतलेली आहे.

जिल्हा गेलेल्यांचा आहे

धाराशिव जिल्हा हा जाणाऱ्यांचा जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जी घरं जगली नाहीत ती पुण्या-मुंबईची वाट धरून गेली. त्याच्या आधी सोलापूरच्या कापड गिरण्यांनी तुळजापूर, उमरग्याकडची माणसं ओढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं लोहारा, उमरगा भागातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, सास्तूरसारखी गावं नव्या जागी वसली. निम्न तेरणा आणि सीना-कोळेगाव प्रकल्पांत काहींच्या जमिनी गेल्या. आणि दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला भूम, वाशी, कळंब, परंडा भागातून कोयता घेऊन टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात.

या सगळ्यांचं नाव २००२ च्या यादीत असेलच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. यादी करणारा कर्मचारी दारात आला तेव्हा दाराला कुलूप असेल तर काय लिहिलं जातं, हे ऊसतोड कुटुंबाला नव्यानं सांगायला नको. शेजाऱ्यानं "हायेत, कारखान्यावर गेलेत" म्हटलं तर नाव राहिलं. शेजारी भांडणातला असेल तर गेलं.

कायदा मात्र या लोकांच्या बाजूनं आहे, हे फार कमी जणांना माहीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय की तात्पुरतं बाहेर गेल्यामुळे माणसाचं सर्वसाधारण राहण्याचं ठिकाण संपत नाही. म्हणजे पाच-सहा महिने फडात राहणारा ऊसतोड मजूर गावचाच मतदार. त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. नुसतं गावात घर आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे वीस वर्षं पिंपरी-चिंचवडला नोकरी करून गावातलं घर बंद ठेवणाऱ्याला हे कलम लागू पडत नाही.

दोन्हीकडं नाव, हे उघड गुपित

ग्रामपंचायत निवडणूक लागली की पुण्याहून गाड्या भरून येतात, हे कोणत्याही तालुक्यात लपून राहिलेलं नाही. ग्रामपंचायतीची यादी वेगळी नसते. विधानसभेचीच यादी वॉर्डाप्रमाणे तोडून वापरतात. दोन-पाच मतांनी सदस्य पडतो तिथं बाहेरगावची तीस मतं म्हणजे सत्ता. म्हणून भावकी नाव काढू देत नाही, पुढारी काढू देत नाही, आणि गेलेल्या माणसालाही वाटतं, राहू दे, गावाशी तेवढाच धागा. इकडं शहरात भाड्याच्या घराच्या पत्त्यावर दुसरं नाव लागलेलं असतं.

याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि खोटं प्रतिज्ञापन केलं तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याद्यांतल्या दुबार नावांवरून विरोधकांनी १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत मोर्चाही काढला. तेव्हा यादी साफ झाली पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साफ करताना कोण झाडला जातो याचा. दोन ठिकाणी नाव असलेल्याकडं दोन्हीकडं माणसं असतात, तो एक नाव वाचवतो. एकाच ठिकाणी नाव असलेला मजूर नेमका त्यावेळी कर्नाटकात फडात असतो.

बाईचं नाव कुठं शोधायचं?

सगळ्यात जास्त घोळ बायकांच्या नावांचा होणार. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, देशात सुमारे २८ लाख महिलांची नावं यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. ती बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. आपल्याकडं अडचण वेगळी आहे. इथं लग्नात पहिलं नाव बदलतं, मधलं बदलतं, आडनाव बदलतं. माहेरची सुनीता सासरी येऊन सारिका होते. २००२ च्या आधी लग्न झालेल्या बाईनं सासरच्या गावच्या यादीत नवऱ्याच्या नावापुढं पाहावं. २००२ नंतर लग्न झालेलीनं माहेरच्या यादीत आई-बापाचं नाव काढावं. कळंबची लेक बार्शीला दिलेली, आता राहते हडपसरला, म्हणजे तिची जुळवणी तीन गावांत फिरून होणार. माहेर तुटलेल्या, परित्यक्ता बाईचं काय, याचा विचार बीएलओला दारात उभं राहून करावा लागेल.

पारधी आणि इतर भटक्या समाजाच्या वस्त्यांचा प्रश्न तर मुळातच वेगळा. ज्यांचं पालच दर दोन-चार वर्षांनी हललं, त्यांच्या आई-बापाचं नाव कोणत्या भागात शोधायचं? त्यांच्याकडं गावठाणातलं घर नाही, घर क्रमांक नाही. जुनी यादी ही स्थिर माणसाची आठवण ठेवते, फिरत्याची नाही.

जुनी यादी वाचायची कशी?

पहिली गोष्ट, २००२ ला मतदारसंघ आजचे नव्हते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) आणि परंडा असे चार मतदारसंघ राहिले. त्याआधी कळंब हा स्वतंत्र मतदारसंघ होता. कळंब तालुक्यातला माणूस आज जर धाराशिव मतदारसंघात आजोबा शोधत बसला तर सापडायचा नाही. यादीवर जिल्ह्याचं नावही उस्मानाबादच असणार, कारण धाराशिव हे नाव २०२३ ला अधिकृत झालं.

त्याहून मागं जायचं असेल तर आणखी जपून. १९८२ पर्यंत लातूर जिल्हा उस्मानाबादमध्येच होता. निलंगा, अहमदपूर, उदगीर हे तालुके १९५६ ला बिदर जिल्ह्यातून उस्मानाबादला जोडले गेले. १९५२ ची पहिली निवडणूक तर हा जिल्हा हैदराबाद राज्यात असताना झाली. म्हणजे माणूस एकाच गावात बसून राहिला तरी कागदावर त्याचं राज्य दोनदा बदललं : हैदराबाद, मग १९५६ ला द्विभाषिक मुंबई, मग १९६० ला महाराष्ट्र.

दुसरी गोष्ट, मतदार यादी आडनावाच्या क्रमानं नसते, घरांच्या क्रमानं असते. म्हणून नाव सापडत नसेल तर आधी शेजारी शोधा. जुन्या गल्लीत उजव्या हाताला कोण राहायचं, समोर कोण, हे म्हाताऱ्या माणसाला विचारा. शेजाऱ्याचं घर सापडलं की वर-खाली दहा नावांत आपलं घर असतं. नाव मारुतीचं म्हारुती झालेलं असेल, आडनावाचा काना गेलेला असेल, पण घर जागेवर असतं. भूकंपात पुनर्वसन झालेल्या गावांत मात्र २००२ ला लोक नव्या गावठाणात होते. तिथं जुनी गल्ली नाही, नव्या वसाहतीतला शेजार आठवावा लागेल.

तिसरी गोष्ट वयाची. यादीतलं वय अंदाजे सांगितलेलं असतं. आजोबाचं वय आणि बापाचं वय यात बारा वर्षांचं अंतर दिसलं तर दचकू नका, पण तो उतारा देताना बीएलओला आधीच सांगा. नाहीतर पुढं नोटीस येते. आणि १८ वर्षांची अट धरली तर १ जानेवारी १९८४ नंतर जन्मलेल्याचं स्वतःचं नाव २००२ च्या यादीत नसणारच. त्यानं सरळ आई-बापाकडं जावं.

कागद कोणता चालतो?

नाव कुठंच लागलं नाही तर निवडणूक आयोगानं ठरवलेल्या कागदांवर यावं लागतं. आतापर्यंत झालेल्या राज्यांत ही कागदं होती : जन्म दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, जातीचं प्रमाणपत्र, कायम रहिवासी दाखला, वनहक्क दाखला, नोकरी-पेन्शनचं ओळखपत्र, शासनानं दिलेलं जमीन किंवा घर वाटपाचं पत्र, आणि १ जुलै १९८७ पूर्वीचं सरकार, बँक, पोस्ट, एलआयसी यांचं कोणतंही ओळखपत्र किंवा कागद. आधार हे ओळखीसाठी बारावं कागद म्हणून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही.

सातबारा या यादीत नावानिशी नाही, हे शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावं. पण भूकंप पुनर्वसनात मिळालेल्या घराचं वाटपपत्र ट्रंकेत पडलेलं असेल तर ते बाहेर काढा. आजोबाचं जुनं पोस्टाचं पासबुक रद्दीत घालू नका.

मराठवाड्याला असं शोधणं नवीन नाही. कुणबी नोंदींसाठी २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हापासून लोक खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे चाळतच आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटियरच्या शासन निर्णयानंतर तर १९६७ पूर्वी पूर्वज कुठं राहत होते, हाही प्रश्न आला. तेव्हा मोडी वाचणारा सापडत नव्हता. मतदार यादी निदान मराठीत, छापील आहे. फरक एकच. कुणबी नोंद सापडली तर काहीतरी मिळणार होतं. इथं नोंद सापडली नाही तर हातात होतं ते जाणार.

गावानं काय करायचं?

बीएलओनं किमान तीनदा घरी जावं, असा नियम इतर राज्यांत होता. पण तीन चकरा दोन आठवड्यांत झाल्या आणि टोळी चार महिने बाहेर असली तर त्या चकरांचा उपयोग शून्य. म्हणून मोजणी हंगामाच्या बाहेर, उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला व्हावी, ही मागणी ऊसतोड पट्ट्यातल्या लोकप्रतिनिधींनी वेळेत करायला हवी. मुकादमाकडं कोण कोणत्या कारखान्यावर गेलं याची यादी असतेच. उचल देताना जी वही उघडते ती मतदार शोधतानाही उघडता येईल.

दुसरं, बिहारमध्ये गळालेल्या नावांची बूथनिहाय यादी कारणासह लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२५ ला सांगावं लागलं. आपल्याकडं त्यासाठी थांबायची गरज नाही. २००२ ची यादी ग्रामपंचायतीत टांगावी, ग्रामसभेत मोठ्यानं वाचावी. कोण मेलं, कोण गेलं, कुणाची लेक कुठं दिली, हे गावाइतकं कोणत्याच संगणकाला ठाऊक नाही. फक्त वाचताना गट-तट बाजूला ठेवायला पाहिजे, आणि खरी अडचण तीच आहे. समोरच्या गटाच्या माणसाचं नाव आलं की "हा तर कधीच गेला" म्हणणारे आवाज आधी उठतात.

शहरात स्थिरावलेल्यांनीही एकदा ठरवावं, नाव कुठं ठेवायचं. जिथं राहता तिथं ठेवलं तर गाव तुटत नाही. उलट शहरातलं नाव टिकवायलासुद्धा पुरावा गावच्या यादीतूनच न्यावा लागणार आहे. तेव्हा पुढच्या खेपेला यात्रेला आलात की नारळ फोडून झाल्यावर अर्धा तास म्हाताऱ्या चुलत्याजवळ बसा. आजा-आजीची कागदावरची नावं, जुनी गल्ली, शेजारी, सगळं वहीत लिहून घ्या. यादी पुढंही सापडेल. ती वाचून दाखवणारा चुलता किती दिवस आहे, हे सांगता येत नाही.